ओझरचे मिग आणि गाळलेली पायरी

नाशिकहून आग्रा रोडने पिंपळगाव बसवंतकडे निघाले की वीसेक किलोमीटरवर ओझर लागते. गाव जुने, पण नाशिककरांच्या तोंडी त्याचे नाव 'ओझर मिग' असेच बसले आहे. एखाद्या गावाला लढाऊ विमानाचे नाव चिकटावे, असे आपल्याकडे दुसरे उदाहरण सापडणे कठीण. द्राक्षबागांवरून कानठळ्या बसवत जाणारी विमाने पाहत या परिसरातल्या दोन-तीन पिढ्या लहानाच्या मोठ्या झाल्या.

त्या विमानांना पुढे 'उडती शवपेटी' असेही एक नाव मिळाले. हे नाव ओझरच्या कामगाराला खटकते आणि ते स्वाभाविक आहे. विमान वाईट होते का? वैमानिक कच्चे होते का? या दोन्ही प्रश्नांना सरळ 'होय' म्हणता येत नाही. मग इतके अपघात का झाले? या प्रश्नाचा एक महत्त्वाचा धागा विमान जमिनीवर उतरण्याच्या शेवटच्या अर्ध्या मिनिटात आहे. तो धागा ओढत गेलो की आपण थेट शिकवण्याच्या प्रश्नापाशी येतो. म्हणून हा इतिहास शिक्षकांनी वाचावा असा आहे.

कारखाना कसा आला

भारताने सोव्हिएत रशियाशी मिग-२१ चा करार केला तो १९६२ साली. त्याच वर्षी चीनशी युद्ध झाले आणि नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. १९६३ साली ते नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून आले. ही विमाने भारतातच बांधायची असे ठरले होते. कामाची वाटणी अशी झाली: विमानाचा सांगाडा आणि जोडणी ओझरला, इंजिन ओडिशातील कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला. १९६४ साली हिंदुस्थान एरोनॉटिक्स ही कंपनी आकाराला आली आणि ओझरचा कारखाना तिचा भाग झाला.

सुरुवातीला रशियातून आलेले सुटे भाग जोडून विमाने तयार होत. १९७० पर्यंत कच्च्या मालापासून विमान घडवण्याइतकी तयारी झाली. मिग-२१ एफएल, मग मिग-२१ एम, मग मिग-२१ बिस अशा तीन पिढ्यांची मिळून पाचशेहून अधिक विमाने १९८७ पर्यंत येथून बाहेर पडली. ज्या देशात त्या काळी मोटारसायकलसाठी नंबर लावावा लागे, तेथे ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाणारे विमान तयार होत होते. ही कामगिरी लहान नव्हती.

उतरण्याचे गणित

विमान हवेत राहते ते पंखांवर मिळणाऱ्या उचलीमुळे. ही उचल चार गोष्टींवर अवलंबून असते: हवेची घनता, पंखाचे क्षेत्रफळ, पंखाचा आकार व हवेशी असलेला त्याचा कोन, आणि वेगाचा वर्ग. विमान संथ झाले की उचल घटते. एका ठराविक वेगाखाली ती वजन पेलू शकत नाही. म्हणून प्रत्येक विमानाला उतरताना एक किमान वेग राखावाच लागतो.

आता दोन लढाऊ विमाने शेजारी ठेवून पाहू. पहिले दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश स्पिटफायर. आपल्या हवाई दलातही ते होते. दुसरे आपले मिग-२१. गंमत अशी की, दोघांच्या पंखांचे क्षेत्रफळ जवळपास सारखे आहे. स्पिटफायरचे साडेबावीस चौरस मीटर, तर मिगचे तेवीस. पण स्पिटफायरचे वजन तीन टनांच्या आसपास, आणि मिग उतरतानाही साधारण साडेसहा टनांचे असते. म्हणजे तेवढ्याच पंखाला दुपटीहून अधिक भार उचलायचा आहे.

उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे दुप्पट वजनासाठी वेग दुप्पट लागत नाही. दोनाच्या वर्गमुळाइतका, म्हणजे सुमारे दीडपट लागतो. स्पिटफायर धावपट्टीकडे ताशी सुमारे १४० किलोमीटर वेगाने येई. त्या हिशेबाने मिगने २०५ च्या आसपास यायला हवे. प्रत्यक्षात ते ताशी सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने येई. उरलेला फरक कशाचा? तो पंखाच्या आकाराचा.

मिग-२१ चा पंख पातळ आणि त्रिकोणी आहे. ध्वनीच्या दुप्पट वेगाला हवेचा विरोध कमीत कमी व्हावा, यासाठी तो तसा केला. पण संथ वेगाला हाच पंख कंजूष ठरतो. पुरेशी उचल हवी तर विमानाचे नाक बरेच वर उचलावे लागते. नाक वर गेले की वैमानिकाला समोरची धावपट्टी नीट दिसत नाही. शेपूट जमिनीला घासू नये म्हणून कोन एका मर्यादेपलीकडे वाढवताही येत नाही. मग एकच मार्ग उरतो: वेग जास्त ठेवायचा.

ताशी ३२५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ९० मीटर. क्रिकेटची खेळपट्टी वीस मीटरांची. अशा साडेचार खेळपट्ट्या एका सेकंदात मागे पडतात. उताराचा कोन तीन अंश धरला तर त्या एका सेकंदात विमान जवळजवळ पाच मीटर खाली येते. नाक किंचित उचलून विमान अलगद टेकवायचे असते ते शेवटच्या काही मीटरांत. तेथे अर्ध्या सेकंदाचा उशीर म्हणजे अलगद टेकणे आणि आपटणे यांतला फरक. टेकल्यावरही काम संपत नाही. गतिज ऊर्जेच्या सूत्रात हे आकडे घालून पाहा. स्पिटफायरच्या मानाने मिगची ऊर्जा साडेअकरापट भरते. ती धावपट्टी संपायच्या आत जिरवायची असते. त्यासाठी चाकांचे ब्रेक पुरत नाहीत, म्हणून मिगच्या शेपटीपाशी एक पॅराशूट असते. ते वेळेवर उघडावे लागते.

हाताची सवय

अजून एक अडचण आहे आणि ती सर्वांत फसवी आहे. साध्या पंखाच्या विमानात वेग थोडा कमी झाला तर हवेचा विरोधही कमी होतो. त्रिकोणी पंखाचे विमान नाक वर करून संथ उडत असते तेव्हा उलटे घडते. वेग जितका कमी, तितके नाक वर. नाक जितके वर, तितका विरोध जास्त. म्हणजे हळू उडायला जास्त जोर लागतो. अशा वेळी वैमानिकाने इंजिनाचा जोर एकदम कमी केला तर विमान तरंगत पुढे जात नाही, ते खाली बसू लागते. चूक लक्षात येऊन त्याने पुन्हा थ्रॉटल पुढे ढकलला, तरी त्या काळच्या जेट इंजिनाला पूर्ण जोर धरायला काही सेकंद लागत. जमीन तेवढा वेळ थांबत नाही. पुढच्या काही आवृत्त्यांत इंजिनातली दाबाची हवा फ्लॅपवरून सोडून उतरण्याचा वेग थोडा कमी केला गेला. पण जोर कमी केला की तो हवेचा झोतही मंदावे. म्हणजे थ्रॉटलचे बंधन उलट वाढलेच.

नवा वैमानिक मिगपाशी येई तो साध्या विमानाची सवय हातात घेऊन. आपल्याकडे तो आधी पंख्याच्या विमानावर शिके: सुरुवातीच्या काळात एचटी-२ वर, १९८० च्या दशकापासून एचपीटी-३२ वर. मग किरण हे जेट विमान. एचटी-२ आणि किरण ही दोन्ही विमाने डॉ. वि. मा. घाटगे यांच्या नेतृत्वाखाली बंगळूरला घडली. किरणने पिढ्या घडवल्या. पण किरणचा पंख सरळ, स्वभाव सौम्य आणि उतरण्याचा वेग मिगच्या साधारण निम्मा. किरणवर जे हळूहळू अंगवळणी पडले, त्यातले काही मिगवर विसरावे लागे. विसरणे हे शिकण्यापेक्षा कठीण असते, हा अनुभव वर्गात आपण रोज घेतो.

पहिली तुकडी आणि नंतरच्या तुकड्या

१९६३ साली चंदिगडला मिग-२१ ची पहिली तुकडी उभी राहिली, २८ क्रमांकाची स्क्वाड्रन. तिचे प्रमुख होते दिलबाग सिंग, जे पुढे हवाई दलप्रमुख झाले. या तुकडीचे वैमानिक निवडक होते. त्यांनी आधी कित्येक वर्षे दुसरी वेगवान जेट विमाने उडवली होती आणि मग रशियात जाऊन मिगचे शिक्षण घेतले होते. त्यांच्या दृष्टीने मिग ही पुढची पायरी होती.

पुढे ओझरमधून विमाने येत गेली, तुकड्या वाढल्या आणि मिग-२१ हाच हवाई दलाचा कणा झाला. तेव्हा निवडक वैमानिक पुरणार कसे? प्रशिक्षण संपवून आलेले विशी-बाविशीतले तरुण मिगकडे पाठवावे लागले. पूर्वी मधल्या पायरीचे काम व्हॅम्पायर आणि हंटर ही विमाने करीत. ती म्हातारी होत गेली. पोलंडची इस्क्रा विमाने आली, पण तीही किरणच्याच जातीची. मधली पायरी झिजत गेली. मग तेजपूरला एक खास प्रशिक्षण केंद्र काढून तरुणांना मिगवरच लढाऊ विमान शिकवण्याची सोय झाली. तेथे शिकायचे विमान कोणते, तर मिग-२१ एफएल. म्हणजे जे पोहायला अवघड, त्याच पाण्यात पोहणे शिकायचे. मिगची दोन आसनी विमाने होती. पण मागे बसलेल्या शिक्षकाला समोरचे इतके कमी दिसे की, नंतरच्या आवृत्तीत उतरताना पाहण्यासाठी त्याला पेरिस्कोप द्यावा लागला.

चौथीतल्या मुलाला एकदम नववीच्या वर्गात बसवले आणि तो नापास झाला, तर प्रगतिपुस्तकावर कोणाचे गुण लिहायचे?

जर्मनीत काय झाले, स्पेनमध्ये काय झाले

हा प्रश्न केवळ भारताचा किंवा केवळ रशियन विमानाचा नव्हता. अमेरिकेचे स्टारफायटर हे मिग-२१ च्याच काळातले विमान. पंख त्याहून आखूड, उतरण्याचा वेग तसाच जबरदस्त. पश्चिम जर्मनीने अशी नऊशेहून अधिक विमाने घेतली. त्यांतली जवळजवळ एकतृतीयांश अपघातांत गेली आणि शंभराहून अधिक वैमानिक मेले. तेथील लोकांनी या विमानाला 'विधवा करणारे' म्हटले. तेथेही गोष्ट ओळखीची होती. महायुद्धानंतर दहा वर्षे जर्मनीला हवाई दलच नव्हते, त्यामुळे अनुभवाची साखळी तुटली होती. तरुण वैमानिक अमेरिकेतील ॲरिझोनाच्या निरभ्र आकाशात शिकत आणि मायदेशी धुक्या-पावसात उडत. शिवाय या विमानावर कमी उंचीवरून हल्ला करण्याचे जड काम लादलेले होते.

१९६६ साली योहानेस श्टाइनहोफ यांच्याकडे तेथील हवाई दलाची सूत्रे आली. महायुद्धाच्या अखेरीस जेट विमान उडवताना झालेल्या अपघातात ते स्वतः भयंकर भाजले होते. त्यांनी प्रशिक्षण आणि देखभाल दोन्ही कडक केली. अपघात कमी झाले.

स्पेनची गोष्ट याहून बोलकी आहे. स्पेनने एकवीस स्टारफायटर घेतली आणि १९६५ ते १९७२ या काळात वापरली. एकही विमान पडले नाही. विमान तेच होते. मात्र ते उडवणारे वैमानिक अनुभवी होते, हवामान चांगले होते आणि ज्या कामासाठी ते विमान बनले होते तेवढेच काम त्याच्याकडून घेतले गेले. विमान, माणूस, शिक्षण, हवामान आणि काम ही एक साखळी आहे. अपघाताचे कारण एकाच कडीत शोधले तर ते हाती लागत नाही.

'वैमानिकाची चूक' म्हणजे काय

अपघातानंतरच्या अहवालात एक शब्द हमखास येतो: वैमानिकाची चूक. या शब्दाकडे शास्त्रीय नजरेने पाहायला सुरुवात झाली ती दुसऱ्या महायुद्धात.

१९४३ च्या सुमारास अमेरिकी हवाई दलात एक विचित्र अपघात पुन्हा पुन्हा घडत होता. बी-१७ हे मोठे बॉम्बफेकी विमान सुखरूप उतरे, धावपट्टीवर धावू लागे, आणि तेवढ्यात वैमानिक चाके आत ओढून घेई. विमान पोटावर बसे. फ्लॅप आत घ्यायचे असताना हात चाकांच्या खटक्यावर जाई. अनुभवी वैमानिकही ही चूक करीत. अल्फॉन्स चॅपानिस या तरुण मानसशास्त्रज्ञाने वैमानिकांऐवजी विमानाची केबिन तपासली. तेव्हा दिसले की, फ्लॅपचा आणि चाकांचा खटका शेजारी शेजारी होते आणि हाताला सारखेच लागत. सी-४७ या मालवाहू विमानात त्यांची रचना वेगळी होती, आणि त्याचे वैमानिक तितकेच दमलेले असूनही ही चूक करीत नव्हते. चॅपानिसने चाकांच्या खटक्याला छोटे चाक आणि फ्लॅपच्या खटक्याला पाचरीसारखा तुकडा बसवला. आता न पाहताही हाताला फरक कळू लागला. आजही विमानांत चाकांच्या खटक्याच्या टोकाला चाकाचा आकार असतो.

१९४७ साली फिट्स आणि जोन्स या दोघा संशोधकांनी अशा ४६० प्रसंगांचा अभ्यास प्रसिद्ध केला. 'चूक' हा शब्द त्यांनी अवतरणचिन्हांत घातला होता. त्या चिन्हांत सगळे काही आले. माणूस चुकतो हे खरे, पण एकाच जागी अनेक माणसे चुकू लागली तर जागा तपासायला हवी.

येथे अनुभव या शब्दाचाही नीट विचार करायला हवा. एकूण किती तास उड्डाण झाले, हा अनुभवाचा एक भाग झाला. त्या विशिष्ट विमानावर किती तास झाले आणि त्यांतले किती अलीकडचे, हा दुसरा. जगभर आज हौसेने जपलेली जुनी स्पिटफायर विमाने उडतात. आधुनिक विमानावर हजारो तास काढलेला वैमानिकही त्यांच्यापुढे नवशिका असतो. लांब नाकामुळे समोरचे दिसत नाही, चाकांमधले अंतर अरुंद आणि तिसरे चाक शेपटीखाली. त्यामुळे टेकल्यावर विमान गर्रकन फिरू शकते. मिगच्या मानाने वेग निम्म्याहून कमी, तरी धोका आहेच. फक्त तो निराळ्या जागी बसला आहे.

बावीस, की सव्वीस वर्षे?

आपल्याकडे हे कोणाच्या लक्षात आले नव्हते असे नाही. १९८२ साली एअर मार्शल ला फाँतेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने अपघातांचा अभ्यास केला. किरण आणि मिग यांच्यामध्ये एका प्रगत जेट प्रशिक्षण विमानाची गरज आहे, हे तिने स्पष्ट सांगितले. १९९७ साली डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या अध्यक्षतेखाली लढाऊ विमानांच्या अपघातांवर आणखी एक समिती बसली. ब्रिटिश हॉक विमानांचा करार झाला तो मार्च २००४ मध्ये, आणि फेब्रुवारी २००८ मध्ये बिदरच्या तळावर ती हवाई दलात दाखल झाली. शिफारशीपासून करारापर्यंत बावीस वर्षे, आणि विद्यार्थ्याला पायरी मिळेपर्यंत सव्वीस. एवढ्या काळात बालवाडीतले मूल लढाऊ वैमानिक होते.

त्या मधल्या वर्षांची किंमत काही घरांनी मोजली. १७ सप्टेंबर २००१ च्या रात्री राजस्थानात सुरतगडजवळ फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ यांचे मिग-२१ उड्डाणानंतर लगेच कोसळले. हा उतरतानाचा अपघात नव्हता. पण दोष वैमानिकावर टाकून प्रश्न मिटवावा का, हा मुद्दा तोच होता. त्यांच्या आई कविता गाडगीळ आणि स्वतः हवाई दलात वैमानिक राहिलेले वडील अनिल गाडगीळ यांनी तो निष्कर्ष स्वीकारला नाही. विमानसुरक्षेसाठी त्यांनी लढा दिला. मुलगा गेल्यावर केवळ शोक न करता 'नेमके काय घडले?' असे विचारत राहणे, ही शास्त्रीय वृत्तीच होय.

आकडेही पाहू. २०१२ साली संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत माहिती दिली की, घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातांत गेली आणि त्यांत १७१ वैमानिकांचा मृत्यू झाला. हे आकडे वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. हे सगळे अपघात उतरतानाचे नव्हते. एकच इंजिन, त्यातले बिघाड, पक्ष्यांची धडक, जुने होत गेलेले सुटे भाग अशी अनेक कारणे होती. आणि ही विमाने पाच दशके सर्वांत जास्त उडत होती, हेही खरे. म्हणून केवळ प्रशिक्षणाला दोष देणेही अर्धवट ठरेल. पण ज्या कारणावर उपाय माहीत होता, तो करायला इतका वेळ लागला, ही बोच उरतेच.

शेवटचे उतरणे

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदिगडला, जेथे बासष्ट वर्षांपूर्वी सुरुवात झाली तेथेच, मिग-२१ ला निरोप देण्यात आला. ओझरला त्याआधीच नवी कामे आली होती. मिग-२१ च्याच सव्वाशे विमानांना नवी उपकरणे बसवून 'बायसन' करण्याचे काम तेथे झाले. मिग-२७ झाले, २००४ पासून सुखोई-३० तयार होऊ लागली. गावाचे नाव मात्र लोकांच्या तोंडी 'ओझर मिग'च राहिले.

या विमानाबद्दल वर्गात बोलायचे तर वेगाच्या वर्गाचे गणित जरूर करून घ्यावे. स्पिटफायर आणि मिग यांचे आकडे फळ्यावर मांडले की सूत्र जिवंत होते. पण त्याबरोबर दुसरा प्रश्नही विचारावा. आपल्या वर्गात एकाच उदाहरणापाशी वीस मुले अडखळतात, तेव्हा आपण लाल शाईने वीस चुका मोजतो, की मधली कोणती पायरी आपल्याकडून गाळली गेली ते शोधतो?